सामुराई दुपारी जेवत असे काय?

शाळेत इतिहासाचा तास चालू असतो. गुरुजी राजांची नावे, लढायांची साले फळ्यावर लिहीत असतात. मागल्या बाकावरचा एखादा मुलगा हळूच उठतो आणि विचारतो, "गुरुजी, त्या काळची माणसं दुपारी काय खात असत?" सगळा वर्ग हसतो. गुरुजीही क्षणभर अडखळतात, आणि "खाली बस" म्हणून तास पुढे नेतात.

पण त्या पोराचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा आहे का? आज मी आपल्याला अशा एका लेखकाची हकिगत सांगणार आहे, की ज्याने हाच प्रश्न विचारला, उत्तर मिळेना म्हणून कित्येक दिवसांचे काम बाजूला सारले, आणि त्या बाजूला सारलेल्या कामातूनच पुढे जगभर नावाजलेला एक चित्रपट उभा राहिला. हा लेखक जपानचा. नाव हाशिमोतो शिनोबू. धंदा पटकथा लिहिण्याचा.

पटकथा म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. पडद्यावर आपल्याला नट दिसतात. दिग्दर्शकाचे नाव मोठ्या अक्षरांत येते. पण कोण कोठून आला, काय बोलला, गोष्ट कोठे वळली आणि कोठे थांबली, हे सारे आधी कोणीतरी कागदावर मांडलेले असते. घर बांधताना पाया जमिनीखाली जातो, तसा हा माणूस पडद्यामागे जातो. लोक घर पाहतात, पाया कोण पाहतो?

हाशिमोतो यांचा जन्म १९१८ साली जपानच्या ह्योगो प्रांतात झाला. वीस वर्षांचे झाले तेव्हा, म्हणजे १९३८ साली, ते सैन्यात गेले. पण लढाईवर जाण्यापूर्वीच त्यांना क्षयाने गाठले. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध निघाले नव्हते. क्षय झाला म्हणजे घरच्यांनी आशा सोडायची, अशी रीत. त्यांना आरोग्यधामात ठेवले आणि तेथे त्यांची चार वर्षे गेली. तरुण वय, समोर मृत्यू, आणि दिवसभर खाटेवर पडून राहण्याखेरीज दुसरा उद्योग नाही. काय अवस्था झाली असेल मनाची, कल्पना करा.

शेजारच्या खाटेवरच्या रोग्याने एके दिवशी त्यांना वाचायला एक सिनेमाचे मासिक दिले. त्यात एक पटकथा छापलेली होती. ती वाचून हाशिमोतो यांना वाटले, एवढेच ना? हे तर मलाही जमेल! शेजारी हसला. मग त्यांनी विचारले, या कामात सर्वांत थोर माणूस कोण? शेजाऱ्याने नाव सांगितले, इतामी मान्साकू. हाशिमोतो म्हणाले, मग मी लिहून त्यांनाच पाठवीन.

बोलणे सोपे, करणे अवघड. पहिली पटकथा पुरी व्हायला तीनएक वर्षे लागली. पण शब्द दिला होता, तो पाळला. त्यांनी ती खरोखरच इतामींना पाठवली. आणि नवल असे, की एवढ्या मोठ्या माणसाने या अनोळखी रोग्याला उत्तर लिहिले! नुसते "छान आहे" असे नव्हे, तर कोठे काय चुकले ते नीट दाखवून.

येथे माझ्या शिक्षक बंधुभगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इतामी स्वतःही क्षयानेच आजारी होते. तेही अंथरुणाला खिळलेले. स्वतःचे दिवस मोजके उरले असता एका परक्या पोराचे कागद तपासण्यात त्यांनी आपली शक्ती खर्च केली. हाशिमोतो त्यांचे एकुलते एक शिष्य झाले. १९४६ साली इतामी वारले. शिष्य मात्र त्या जिवावरच्या दुखण्यातून वाचला.

पोटासाठी हाशिमोतो हिमेजी शहरातल्या एका कंपनीत नोकरी करीत. घरी सवड नाही, कचेरीत सोय नाही. मग लिहायचे केव्हा? तर येता-जाता आगगाडीत! अशा लिखाणातून अकुतागावा या थोर कथाकाराच्या एका छोट्या कथेवर त्यांनी पटकथा रचली. रानात एक खून झाला आहे, आणि जो तो त्याची निराळीच हकिगत सांगतो आहे, अशी ती कथा. हे कागद साएकी कियोशी नावाच्या दिग्दर्शकाच्या हातून कुरोसावा अकिरा यांच्याकडे पोचले. कुरोसावांना ते आवडले, पण चित्रपटाला आखूड वाटले. अकुतागावांचीच दुसरी एक कथा त्यात गुंफली गेली, कुरोसावांनी त्यावर हात फिरवला, आणि १९५० साली 'राशोमोन' पडद्यावर आला. पुढच्या वर्षी इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च मान, सुवर्णसिंह, मिळाला. महायुद्धात हरलेल्या, होरपळलेल्या जपानचा चित्रपट जगाने डोक्यावर घेतला. आगगाडीत लिहिणारा कारकून एकदम नामांकित झाला.

आता येतो तो आपल्या मथळ्यातला प्रश्न.

कुरोसावा आणि हाशिमोतो यांनी ठरवले, की एका सामुराईचा एकच दिवस दाखवायचा. सामुराई म्हणजे जपानचा पिढीजात लढवय्या, सरदाराच्या पदरी असणारा. सकाळी तो उठतो, केस विंचरतो, पूर्वजांना वंदन करून गढीवर कामाला जातो. तेथे त्याच्या हातून काही चूक घडते, आणि संध्याकाळी तो घरी येऊन रिवाजाप्रमाणे स्वतःच्या पोटात कट्यार खुपसून प्राण देतो. बस, एवढाच चित्रपट. पण त्यातली बारीकसारीक गोष्ट अगदी खरी असायला हवी, हा दोघांचाही आग्रह.

हाशिमोतो ग्रंथालयात जाऊन बसले. जुनी दप्तरे, जुने ग्रंथ चाळू लागले. आणि गाडी अडली ती दुपारी! त्या काळी हा सामुराई दुपारचे जेवण घरून डबा बांधून नेत असे, की गढीवर त्याला जेवण मिळे? की मुळात दुपारी जेवतच नसे? कारण पूर्वी जपानात लोक दिवसातून दोनदा जेवत, पुढे तीनदा जेवू लागले. हा बदल नेमका केव्हा झाला, हे काही केल्या खात्रीने कळेना.

आपण म्हणाल, त्यात काय एवढे? दाखवून टाकायचा डबा! पाहणाऱ्यांपैकी कोणाला कळणार आहे? पण हाशिमोतो यांना ते पटेना. दिवसभराची खरी कहाणी सांगतो म्हणायचे आणि दुपार मात्र मनची घालायची, हे कसे चालेल? शेवटी त्यांनी कुरोसावांना सांगितले, हा चित्रपट होणार नाही. कुरोसावा चांगलेच रागावले. पण काम सुटले ते सुटले.

त्यानंतर नामांकित तलवारबहाद्दरांच्या लढतींची एक मालिका लिहून पाहिली. तीही जमली नाही. नुसती शिखरेच शिखरे, मध्ये चढण नाही, उतार नाही, अशी गोष्ट उभी राहात नाही, असे कुरोसावांना वाटले. दोन डाव फुकट गेले.

आणि मग बोलता बोलता प्रश्न निघाला. पुन्हा जेवणाचाच! विद्या वाढवायला गावोगाव हिंडणारे ते भटके सामुराई पैशांवाचून पोट कसे भरीत असतील? चौकशी केली. कळले ते असे, की तालमीत दोन हात केले तर तेथे जेवण मिळे, देवळात आसरा मिळे. आणि यातले काहीच नसेल तेव्हा एखाद्या खेड्यात रात्रभर पहारा करावा. धाडी घालणाऱ्यांपासून गाव राखावा, त्या बदल्यात गावकऱ्यांनी भात घालावा.

झाले! गोष्ट सापडली. शेतकरी सामुराईंना भाड्याने ठेवतात, आणि मोबदला काय, तर पोटभर भात.

हाशिमोतो यांनी पहिला खर्डा लिहिला. मग कुरोसावा, हाशिमोतो आणि ओगुनी हिदेओ हे तिघे आतामी या समुद्रकाठच्या गरम झऱ्यांच्या गावी जाऊन राहिले. सुमारे दीड महिना तेथेच मुक्काम. लिहिण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. एकच प्रसंग कुरोसावा लिहीत आणि हाशिमोतोही लिहीत. दोघांचे कागद ओगुनींपुढे जात. ओगुनी स्वतः लिहीत नसत. ते फक्त वाचत, आणि सरस काय, टाकाऊ काय, ते सांगत. नाही म्हटले, की कागद गेला. तेथे ना मोठेपणाचा मान, ना मैत्रीची भीड.

अशा रीतीने 'सात सामुराई' तयार झाला आणि १९५४ साली लोकांपुढे आला. साडेतीन तासांच्या आसपास लांबीचा चित्रपट. पीक तयार झाले की डोंगरातून दरोडेखोर उतरणार, या धास्तीने गाव गळाठून गेले आहे. शेतकरी सात सामुराई गोळा करतात. त्यांच्या ताटात पांढरा भात वाढतात आणि स्वतः भरड धान्यावर राहतात. ही गोष्ट सामुराईंच्या नायकाला कळते तेव्हा तो घास वाया न घालवण्याचा शब्द देऊन काम पत्करतो. साऱ्या चित्रपटाची नैतिक गाठ बसली आहे ती त्या भाताच्या वाडग्यात. पुढे शेतकऱ्यांनी लपवलेले धान्य आणि हत्यारे निघतात. सामुराई संतापतात. तेव्हा शेतकऱ्याच्याच पोटी जन्मलेला एक जण त्यांना फटकारतो, की यांना असे लबाड आणि भित्रे केले कोणी? तुम्हीच ना! आणि शेवटी गाव वाचते. सातांपैकी तिघेच उरतात. गावकरी गाणी म्हणत भाताची लावणी करतात. म्हातारा नायक म्हणतो, की जिंकले ते शेतकरी, आपण नव्हे.

शेतावर राबणाऱ्या माणसाची अशी कदर करणारा इतिहासपट दुर्मीळच. अमेरिकेने १९६० साली हीच कथा आपल्याकडच्या घोडेस्वारांवर बेतून पुन्हा काढली. आपल्या 'शोले'तही, म्हणजे १९७५ साली, दरोडेखोरांपासून गाव राखायला भाड्याने माणसे आणतात, ते पाहून या कथेची आठवण पुष्कळांना झाली.

त्याआधी १९५२ साली याच तिघांनी 'इकिरू' लिहिला होता. 'इकिरू' म्हणजे जगणे. मरणाला टेकलेल्या माणसावर लिहा, हा विषय कुरोसावांचा. कचेरीत तीस वर्षे कागदांवर शिक्के मारणाऱ्या एका विभागप्रमुखाला कळते, की पोटात कर्करोग आहे, दिवस थोडे उरले आहेत. खूप धडपडून तो वस्तीतल्या घाण डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करवून घेतो. चित्रपटाच्या मध्यावरच तो मरतो, आणि त्याने काय केले ते आपल्याला कळते त्याच्या सुतकाला जमलेल्या सोबत्यांच्या बोलण्यातून. ज्याने ऐन विशीत चार वर्षे मरणाच्या शेजारी काढली, त्या लेखकाचा हात या कथेला लागला होता, हे विसरू नये.

हाशिमोतो यांनी पुढे पुष्कळ लिहिले. १९६२ सालच्या 'हाराकिरी'त त्यांनी सामुराईंच्या पोकळ इभ्रतीवरचे सोंग ओरबाडून काढले. १९७४ सालच्या 'वाळूचा किल्ला' या चित्रपटात महारोगी बाप आणि त्याचा लहानगा मुलगा गावोगाव हाकलले जात भटकतात. मूळ कादंबरीत या भटकंतीला थोड्याच ओळी आहेत. हाशिमोतो यांनी त्यातूनच चित्रपटाचा कळस उभारला. मूळ कथेचे बाह्य रूप नको, तिचे रक्त तेवढे हवे, असा त्यांचा विचार होता. अपयशही आले. १९८२ साली स्वतः लिहून दिग्दर्शित केलेला चित्रपट साफ पडला. २००६ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी कुरोसावांबरोबरच्या दिवसांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. अनेकांनी मिळून, एकमेकांचे कागद टाकून देत लिहिण्याची ती जुनी पद्धत सुटली, तेव्हा चित्रपटांतला कसही उतरला, असे त्यांनी त्यात परखडपणे म्हटले आहे. २०१८ साली ते वारले. क्षयाने ज्याला विशीतच नेले असते, तो माणूस शंभर वर्षे जगला!

तर मित्रहो, मागल्या बाकावरच्या त्या पोराकडे आता परत जाऊ. तो विचारतो, "त्या काळची माणसं दुपारी काय खात असत?" उत्तर ठाऊक असेल तर सांगा. नसेल, तर मोकळेपणी म्हणा, "मला ठाऊक नाही रे बाळ, आपण दोघे मिळून शोधू." एका लेखकाने ठाऊक नाही असे कबूल केले म्हणून एक चित्रपट बुडाला, आणि त्याहून मोठा जन्माला आला. खाटेवरून आलेल्या एका पत्राला एका आजारी गुरूने उत्तर दिले म्हणून तो लेखक घडला. आपल्या वर्गातल्या त्या हळूच उठलेल्या पोराला "खाली बस" म्हणण्यापूर्वी एवढे जरूर आठवावे.