मैनेचा शेवट

परवा नातवाने मोबाईलवर 'मेरे गली में' ऐकवलं. डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोन पोरांचं २०१५ सालचं रॅप. २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपटात ते रणवीर सिंगच्या आवाजासह नव्याने आलं. "आजोबा, बऱ्याच जणांना ते सिनेमाचंच वाटतं," नातू चिडून म्हणाला.

मला अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' आठवली. वाटेगावहून मुंबईला आलेल्या अण्णा भाऊंची संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही छक्कड. पोटासाठी मुंबईत आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. शेवटी त्याची ताटातूट हीच महाराष्ट्राची ताटातूट होते. बेळगाव, कारवार दुसऱ्याच्या ताब्यात.

एका स्नेहसंमेलनात मी ती मुलांकडून बसवून घेतली होती. वेळ कमी म्हणून शेवट गाळला. टाळ्या भरपूर पडल्या, पण छक्कडीचं नुसतं विरहगीत झालं. आणि मी इतिहासाचा मास्तर! १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. नेमकं तेच दुखणं मी कापलं होतं.

आमच्या तळोजा एमआयडीसीत आजही बायकापोरं गावी ठेवून आलेले कामगार आहेत. गाणं नव्या तोंडी जावंच, त्याशिवाय ते जगायचं कसं? पण गोष्ट पुरी जावी, आणि सांगणाऱ्याचं नावही.

त्या रात्री नातवाला मैना शेवटासकट म्हणून दाखवली. आवाज फाटला. त्याने रेकॉर्ड केलंय म्हणे. असो!