आकड्यांची कंठी

गेल्या दिवाळीत हिंगोलीच्या आमच्या घरी झेंडूच्या माळा ओवणे चालले होते. नातू पाटीवर गुणाकार करीत बसला होता. एकाएकी तो ओरडला, "आजोबा, उलटा वाचला तरी तोच आकडा!" १११ ला १११ ने गुणून त्याला १२३२१ मिळाले होते. मग आम्ही दोघेही हट्टाला पेटलो. सहा एकांची संख्या तिनेच गुणली, तेव्हा पाटीवर १२३४५६५४३२१ अशी माळच अवतरली.

हा शोध आपलाच, असे त्याला वाटले. मी म्हटले, "बाळा, हाच आनंद अकराशे वर्षांपूर्वी एकाला झाला होता."

नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात ही संख्या एकापासून सहापर्यंत चढत जाऊन मग क्रमाने उतरणारी, अशी वर्णिली आहे. असल्या काही गुणाकारांना तर त्याने राजाच्या गळ्यातल्या कंठ्यांची उपमा दिली. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मालखेड. १९४८ पर्यंत ते आणि आमची हिंगोली एकाच निजामी राज्यात नांदत होती; पण ह्या शेजाऱ्याची ओळख आम्हांला शाळेत कोणी करून दिली नाही. त्याचा ग्रंथ रंगाचार्यांनी १९१२ साली मद्रासला छापून काढला.

दुसरे वेडे आपल्या महाराष्ट्रातलेच, १९०५ साली डहाणूला जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. देवळालीला १९३० ते १९६२ पर्यंत ते शाळामास्तर होते. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनावर सुचल्या म्हणून त्यांनी ह्या संख्यांना स्टेशनाचेच 'डेम्लो' हे नाव दिले. कित्येक विद्वानांनी हा पोरखेळ मानला. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाने मास्तरांची दखल घेतली. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती!

ह्या माळेचे गुपित सोपे आहे. १११११ १ असा आकडा सहा ओळींत, दर ओळीला एक घर सरकवून मांडावा. कडेच्या रकान्यात एकच एक येतो, मधल्या रकान्यात सहा. हातचा कुठेच नाही, म्हणून चढण तशीच उतरण. अंकांची बेरीज ३६, म्हणजे सहाचा वर्ग. गंमत अशी की, २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले तरी हीच संख्या येते. कारण ते ५२९१ आणि २१ यांचे वर्ग, आणि त्या दोघांचा गुणाकार १११११ १.

नऊ एकांपर्यंत माळ शाबूत राहते: १२३४५६७८९८७६५४३२१. नातवाने दहा एक घेतले. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा झाले, हातचा आला आणि माळ तुटली. तो खट्टू झाला.

"चुकलं का, आजोबा?"

"नाही रे, बरोबर आहे," मी म्हणालो. "आता ती का तुटली, ते तू आजीला समजावून सांग."

आजीने सुई-दोरा खाली ठेवला आणि पाटी जवळ ओढली.