खेळाडू ते व्यवस्थापक : फुटबॉलमधील थेट संक्रमणाचा ऐतिहासिक मागोवा
(विशेष संदर्भ : मुंबई, २००९ ते २०१७)

प्रस्तावना :

मैदानावर नाव कमावलेला खेळाडू बूट उतरवतो आणि मधला कोणताही काळ न जाता एखाद्या संघाची सूत्रे हाती घेतो, ही घटना फुटबॉलच्या इतिहासात नवी नाही. उत्तम खेळाडू उत्तम प्रशिक्षक होतोच असे नाही, हे विधानही तितकेच जुने आहे. ते इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. अपयश आले की खेळाडूच्या स्वभावाकडे बोट दाखविले जाते आणि यश मिळाले की त्याच्या प्रतिभेकडे. संघ चालविणारी संस्था या चर्चेतून जवळजवळ वगळली जाते. प्रस्तुत लेखात या संक्रमणाचा मागोवा घेऊन मुंबईतील दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवली आहेत. पहिले जगप्रसिद्ध खेळाडूचे, तर दुसरे भारतीय संघाकडून खेळलेल्या, परंतु 'तारा' म्हणून कधीही न गणल्या गेलेल्या खेळाडूचे आहे. नव्या प्रशिक्षकाचे भवितव्य त्याच्या नावापेक्षा संस्थेने त्याला दिलेल्या कालावधीवर आणि आधारावर अधिक अवलंबून राहते, असे या दोन्हींच्या तुलनेतून दिसते.

परभणी जिल्ह्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याची शक्यता आहे. तथापि हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होता. भारतीय फुटबॉलचा सर्वांत थोर प्रशिक्षक त्याच काळात त्याच राज्याच्या राजधानीत घडला. त्याच्या उदाहरणाशिवाय या विषयाची मांडणी पूर्ण होत नाही.

'व्यवस्थापक' या पदाचा अर्थ :

इंग्लंडमधील फुटबॉल संघांत 'मॅनेजर' म्हणजे केवळ सराव घेणारा गृहस्थ नव्हे. खेळाडूंची खरेदी-विक्री, युवा संघाची बांधणी, अंतिम अकरांची निवड आणि वृत्तपत्रांना सामोरे जाणे ही सर्व कामे दीर्घकाळ त्या एकाच व्यक्तीकडे राहिली. मॅट बस्बी यांनी १९४५ मध्ये मँचेस्टर युनायटेडची सूत्रे घेतली, तेव्हा त्यांच्या गाठीशी कोणत्याही क्लबच्या व्यवस्थापनाचा अनुभव नव्हता. मात्र युद्धकाळात सैन्यात शारीरिक शिक्षणाचे निदेशक म्हणून त्यांनी काम केले होते. 'थेट' म्हटल्या जाणाऱ्या अनेक संक्रमणांच्या तळाशी अशी एखादी न दिसणारी उमेदवारी असते.

लिव्हरपूलचे केनी डॅल्ग्लिश हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. हेझेल मैदानावरील दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, ३० मे १९८५ रोजी, ते खेळाडू-व्यवस्थापक झाले आणि पहिल्याच हंगामात संघाने लीग व एफ. ए. चषक ही दोन्ही विजेतेपदे मिळविली. ३ मे १९८६ रोजी चेल्सीविरुद्ध लीगचे विजेतेपद निश्चित करणारा गोलही त्यांचाच होता. ही कथा सांगताना एक बाब मात्र हमखास गळते. निवृत्त व्यवस्थापक बॉब पेझली सुरुवातीच्या काळात त्यांचे सल्लागार होते आणि रॉनी मोरान, रॉय इव्हान्स हे जुने प्रशिक्षक आपापल्या जागी कायम होते. एक माणूस बदलला, संस्था बदलली नाही. याउलट १९६६ च्या विश्वविजेत्या संघातील बॉबी चार्लटन १९७३ मध्ये मँचेस्टर युनायटेड सोडून तत्काळ प्रेस्टन नॉर्थ एंडचे व्यवस्थापक झाले. पहिल्याच हंगामाअखेर त्यांचा संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. त्यानंतर ते स्वतः पुन्हा खेळण्यास उतरले आणि १९७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. चार्लटन हे डॅल्ग्लिश यांच्यापेक्षा लहान खेळाडू होते, असे कोणीही म्हणणार नाही.

हैदराबाद आणि कोलकाता :

भारतात इंग्लंडसारखे सर्वाधिकारी व्यवस्थापक फारसे निर्माण झाले नाहीत. येथील जुन्या क्लबांत खेळाडू कोणते घ्यायचे, हे प्रामुख्याने सचिव व कार्यकारी मंडळ ठरवीत असे आणि प्रशिक्षकाने मिळालेल्या खेळाडूंतून संघ उभा करावयाचा असे. त्यामुळे 'खेळाडू थेट व्यवस्थापक झाला' हे वाक्य भारतीय संदर्भात वापरताना त्याच्या हाती नेमके काय आले, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

सय्यद अब्दुल रहीम (१९०९-१९६३) हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि विद्यापीठ संघाचे खेळाडू होते. तथापि राष्ट्रीय कीर्तीचा खेळाडू अशी त्यांची ओळख नव्हती. पेशाने ते शिक्षक होते व काचीगुडा येथील शाळेतही त्यांनी अध्यापन केले होते. (मनमाडहून परभणीमार्गे जाणारा लोहमार्ग ज्या काचीगुड्याला पोहोचतो, तेच हे ठिकाण.) १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते, म्हणजे त्यांना कारभार आधी समजला आणि मोठा संघ नंतर मिळाला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. भारतीय संघाने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान पटकावले. खेळाडूचा कमजोर पाय तयार व्हावा म्हणून त्या पायाने खेळावयाच्या स्पर्धा भरविणे, चेंडू पायाशी खेळवत न ठेवता तो पुढे देण्याची सवय लावणे, या त्यांच्या पद्धती पाहिल्या की हा गृहस्थ मैदानावरही वर्गच घेत होता, असे म्हणावेसे वाटते.

रहीम यांच्या १९५६ व १९६२ च्या संघांतील पी. के. बॅनर्जी हे मात्र खरोखरच तारा होते. १९५५ पासून ते ईस्टर्न रेल्वेकडून खेळले आणि १९६७ मध्ये निवृत्त झाले. ईस्ट बंगालचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले ते १९७२ मध्ये. १९७५ च्या आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात याच संघाने मोहन बागानचा ५-० असा पराभव केला. निवृत्ती आणि मोठ्या क्लबची जबाबदारी यांमधील पाच वर्षांचे अंतर येथे लक्षात घेण्याजोगे आहे. रेल्वे, पोलीस, बँका व कारखाने यांच्या संघांत खेळाडू हा नोकरदार असे. खेळ थांबला तरी पगार थांबत नसे, म्हणून प्रशिक्षणाची विद्या सवडीने आत्मसात करता येई. भारतीय फुटबॉलच्या इतिहासलेखनात या संघांची गणना 'हौशी' म्हणून केली जाते आणि तेवढ्यावरच विषय सोडून दिला जातो. वस्तुतः प्रशिक्षक घडविण्याची ती एक मूक व्यवस्था होती.

मुंबई, २०१४-१५ : नावाजलेला खेळाडू :

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. प्रेक्षक मैदानाकडे वळावा म्हणून प्रत्येक संघात एक जागतिक कीर्तीचा खेळाडू असावा, अशी योजना होती. त्यातूनच खेळाडू आणि व्यवस्थापक या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे सोपविण्याची प्रथा येथे आली. चेन्नईयिनकडे मार्को मातेराझ्झी, केरळ ब्लास्टर्सकडे गोलरक्षक डेव्हिड जेम्स आणि २०१५ मध्ये दिल्ली डायनॅमोजकडे रॉबेर्तो कार्लोस आले. जेम्स यांचा संघ पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत पोहोचला, पण २० डिसेंबर २०१४ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील मैदानावर कोलकात्याकडून ०-१ असा हरला. मातेराझ्झी यांनी २०१५ मध्ये विजेतेपद मिळविले. म्हणजे प्रथा सरसकट फसली असे म्हणता येत नाही.

मुंबई सिटी संघाचे पहिले व्यवस्थापक पीटर रीड हे स्वतः १९९० मध्ये मँचेस्टर सिटीचे खेळाडू-व्यवस्थापक झालेले होते. त्यांच्या काळात मुंबईचा संघ आठांत सातवा आला. जुलै २०१५ मध्ये त्यांच्या जागी निकोला आनेल्का यांची खेळाडू-व्यवस्थापक म्हणून नियुक्ती झाली. आर्सेनल, रेआल माद्रिद व चेल्सी या संघांकडून खेळलेल्या आणि २००८-०९ मध्ये इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या या फ्रेंच आघाडीवीराचे वय तेव्हा ३६ होते. शांघाय शेनहुआ संघात २०१२ मध्ये अल्पकाळ अशीच दुहेरी जबाबदारी त्यांनी सांभाळली होती.

त्यांच्या हाती काय आले, हे पाहणे उद्बोधक आहे. प्रमुख १० भारतीय खेळाडूंचे वाटप लिलावाने झाले. त्यात सुनील छेत्री यांना मुंबईने १ कोटी २० लाख रुपयांना घेतले. इतर भारतीय खेळाडू सामायिक निवडप्रक्रियेतून संघांना मिळाले. ३ ऑक्टोबरला स्पर्धा सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपली. जेमतेम अकरा आठवड्यांच्या या कालावधीत साखळीचे १४ सामने, देशभरचा प्रवास आणि परस्परांना अनोळखी खेळाडू, हा सर्व भार प्रथमच पूर्ण हंगाम सांभाळणाऱ्या माणसावर होता. २८ ऑक्टोबरला छेत्री यांच्या तीन गोलांसह नॉर्थईस्ट युनायटेडवर ५-१ असा विजय मिळाला. १७ नोव्हेंबरला फातोर्डा येथे एफ. सी. गोवाकडून ०-७ असा पराभव झाला. एकाच संघाची तीन आठवड्यांतील ही दोन रूपे होत. अखेर १६ गुणांसह मुंबई सहावी आली. पुढील हंगामासाठी कोस्टारिकाच्या राष्ट्रीय संघाचा अनुभव असलेले अलेक्झांद्र गिमारेस आले आणि २०१६ मध्ये मुंबई साखळीच्या गुणतक्त्यात पहिल्या स्थानावर राहिली. त्यामुळे आनेल्का यांचे वर्ष सहजच 'फसलेला प्रयोग' ठरले. परंतु अकरा आठवड्यांना प्रयोग म्हणता येईल का, हा प्रश्न उरतोच.

मुंबई, २००९-२०१६ : स्थानिक खेळाडू :

याच शहरात सहा वर्षे आधी, कोणताही गाजावाजा न होता, दुसरे संक्रमण घडले होते. कुवेतमध्ये १९७७ साली जन्मलेले खालिद जमील हे मधल्या फळीतील खेळाडू महिंद्रा, एअर इंडिया आणि शेवटी २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफ. सी. या संघांकडून खेळले. दुखापतींमुळे त्यांची कारकीर्द आखूड झाली. २००९ मध्ये त्यांनी खेळणे थांबविले आणि त्याच मुंबई एफ. सी. च्या प्रशिक्षकपदी त्यांची नियुक्ती झाली. तेव्हा त्यांचे वय ३२ होते. थेट संक्रमणाचे इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

पुढील सुमारे सात वर्षे ते प्रमुख जबाबदारीच्या नात्याने या संघाशी जोडलेले राहिले. या काळात मुंबई एफ. सी. ने आय-लीगचे विजेतेपद कधीही मिळविले नाही. संघ बहुधा गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात असे आणि बचावावर भर देणाऱ्या त्याच्या खेळावर टीकाही होत असे. ती टीका अगदीच अनाठायी नव्हती. मात्र हा मर्यादित साधनांचा संघ त्या वर्षांत दुय्यम श्रेणीत उतरला नाही, आणि संघाने प्रशिक्षकालाही सोडले नाही. इंग्लंडमध्ये चार्लटन यांना आणि मुंबईतच आनेल्का यांना जे मिळाले नाही, ते जमील यांना मिळाले. चुका करून त्याच जागी राहण्याची मुभा त्यांना होती.

२०१६-१७ च्या हंगामाआधी जमील मुंबईबाहेर पडून मिझोरममधील ऐझॉल एफ. सी. कडे गेले. हा संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत गेला होता. गोव्यातील क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने ३७ गुणांसह आय-लीग जिंकली. मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. ईशान्य भारतातील क्लबने मिळविलेले हे पहिलेच राष्ट्रीय लीग विजेतेपद होते. त्याच हंगामात जमील यांच्याविना खेळणारा मुंबई एफ. सी. शेवटच्या क्रमांकावर राहून श्रेणीतून बाहेर पडला.

परवाना आणि रोजगार :

एकविसाव्या शतकात थेट संक्रमणाची वाट दोन बाजूंनी अरुंद झाली आहे. पहिली बाजू परवान्याची. गॅरेथ साउथगेट २००६ मध्ये मिडल्सब्रोच्या कर्णधारपदावरून थेट व्यवस्थापक झाले, तेव्हा आवश्यक प्रो-परवाना नसल्याने त्यांच्यासाठी विशेष सवलत घ्यावी लागली होती. आशियाई महासंघाच्या क्लब-परवाना पद्धतीमुळे भारतातील सर्वोच्च स्तरावरही मुख्य प्रशिक्षकाच्या अर्हतेचे निकष कडक झाले. अर्हतेचा आग्रह योग्यच आहे. पात्रता परीक्षा आणि अध्यापनकौशल्य यांतील नाते ज्यांना रोज पाहावे लागते, त्या प्राध्यापकवर्गाला त्याच्या मर्यादा वेगळ्या सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी बाजू रोजगाराची असून ती अधिक गंभीर आहे. डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. क्लब-परवान्याचे निकष पूर्ण न केल्यामुळे एअर इंडिया व ओ. एन. जी. सी. हे संघ २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेले. जमील ज्या दोन संस्थांच्या संघांत खेळाडू म्हणून घडले, त्या दोन्ही अशा रीतीने सर्वोच्च स्तरावरून नाहीशा झाल्या. नव्या लीगने पैसा आणला, प्रेक्षक आणले, परंतु तिच्या प्रारंभीच्या वर्षांत मुख्य प्रशिक्षकपद जवळजवळ पूर्णतः परदेशी व्यक्तींकडे राहिले आणि भारतीय प्रशिक्षक सहायकाच्या जागी थांबले. नॉर्थईस्ट युनायटेडने २०२१ च्या आरंभी हंगामाच्या मध्यावर जमील यांच्याकडे प्रभारी म्हणून सूत्रे दिली. त्यांनी संघाला बाद फेरीत नेले आणि त्याच वर्षी ते या लीगमधील पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारतीय राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. कूपरेजच्या मैदानावर प्रशिक्षक म्हणून त्यांनी सुरुवात केली, त्याला तेव्हा सोळा वर्षे झाली होती.