येलदरीच्या पाण्यात पिल्लं कोण सांभाळतं?

धरणाचा इतिहास लिहिताना आपण सिंचन, वीज आणि विस्थापन एवढंच बघतो. जिंतूर तालुक्यातल्या येलदरीचंही तसंच झालंय. पूर्णा नदी अडवली, १९६८ मध्ये धरण पूर्ण झालं, खाली सिद्धेश्वर, मग कालवे. मला या जलाशयाला वेगळाच प्रश्न विचारायचाय. इथले कोणते मासे पिल्लं सांभाळतात आणि कोणते नाही?

प्रश्न प्राणिशास्त्राचा वाटेल. पण त्याच्या उत्तरावर इथल्या भोई कुटुंबांच्या जाळ्यात काय येतं ते ठरतं, म्हणून तो इतिहासाचाही आहे.

आधी न सांभाळणारे घेऊ. रोहू, कटला, मृगळ पुराच्या चढत्या पाण्यात अंडी सोडतात आणि निघून जातात. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. संख्या हीच तिची तरतूद. साठलेल्या पाण्यात मात्र हे मासे सहसा अंडीच घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी तलावांत सोडायचं जिरे नद्यांतून गोळा करावं लागे, बंगालातून रेल्वेने आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधुरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली. आता दोन तारखा शेजारी ठेवा. येलदरी पूर्ण झालं तेव्हा पुराची जागा घेणारं इंजेक्शन तयार होऊन अकरा वर्षं झाली होती. पालकत्व मत्स्यबीज केंद्राकडे गेलं. जलाशयाच्या वरच्या अंगाला पूर आला तर मासे तिकडे चढू शकतात, हे खरं. पण आता वर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण आहे, पहिलं पाणी तिथेच थांबतं.

दुसरीकडे तिलापिया, म्हणजे आपली चिलापी. मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये तमिळनाडूत मंडपमला आणलेली. १९५९ मध्येच तिच्या प्रसारावर बंदीची भूमिका घेतली गेली, तरी ती पसरली. कशी? नर तळाशी खड्डा करतो, मादी अंडी घालते आणि ती तोंडात उचलते. पिल्लं बाहेर पडल्यावरही धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात. एकूण तीनेक आठवडे. कालव्याला पाणी सुटलं आणि काठ मागे सरकला तर खड्डा कोरडा पडतो, अंडी मात्र आईबरोबर खोल पाण्यात जातात. पाणी उतरत राहणाऱ्या धरणासाठी याहून सोयीचा पाळणा नाही! बाजारात भाव कमी, पण बोटुकली विकत आणावी लागत नाही.

मरळीचं वेगळं. ती काठच्या गवतात जागा साफ करते, अंडी तरंगतात, एक-दोन दिवसांत फुटतात. लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर फिरतो आणि आईबाप खालून राखण करतात. हवेतून श्वास घेता येत असल्याने प्राणवायू कमी झालेल्या पाण्यातही मरळ टिकते. पण ही राखणच तिला पकडून देते. थवा दिसला की खाली मोठी मरळ आहे हे जाळं टाकणाऱ्याला कळतं. भाव चांगला मिळतो, आणि थवा उघडा पडतो.

आता साधनांचं बोलू. धरणाआधीचं चित्र हवं म्हणून आपण लगेच विल्यम साइक्स उघडतो. त्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, त्यात मरळीच्या जातीचा मासाही आहे. पण त्याचं काम मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातलं. ते पूर्णेवर चिकटवलं तर गाईड विचारणारच, आणि बरोबरच विचारतील. शिवाय त्याने शरीराची मापं आणि परांचे काटे मोजले. पिल्लं कोण सांभाळतं हे त्यातून निघत नाही.

मत्स्यबीजाच्या नोंदींतही हीच अडचण. त्यांत सोडलेली बोटुकली दिसते, तोंडात वाढलेली चिलापी नाही. त्यामुळे कागदावर जलाशयात माणसानेच मासे वसवले असं वाटतं. मी स्वतः पहिल्या मसुद्यात तसंच लिहिलं होतं.

आता पाणीपातळीचे आकडे त्याशेजारी मांडतोय, आणि तेही महिन्याच्या सरासरीने नाही. चिलापीचं सगळं बाळंतपण तीन आठवड्यांत आटोपतं, मरळीची अंडी तर दोन दिवसांत फुटतात. मासिक सरासरीत ते दोन्ही गायब होतात. रोजची पातळी हवी, विशेषतः पहिल्या पावसाच्या आणि आवर्तन सुटण्याच्या दिवसांतली.