केसकरांचा दशकभराचा कारभार आणि श्रोत्यांचा कौल

मल्हारगंजातील आमच्या जुन्या घरांतून रेडिओचा विषय निघाला की बोलणे बहुधा दोन ठिकाणी जाते. वडीलधारी मंडळी मालवा हाउसची, म्हणजे आकाशवाणीच्या इंदूर केंद्राची आठवण काढतात. आणि त्याच दमात रेडिओ सिलोनचीही. एका घरात, एकाच संचावर ही दोन केंद्रे कशी नांदली, हे समजून घ्यायचे तर एका मराठी माणसाच्या कारकिर्दीकडे वळावे लागते. ते म्हणजे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

पुण्यात १९०३ साली जन्मलेले केसकर १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षे केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. ते काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसला शिकले होते आणि त्यांनी शास्त्रीय गायनाचे शिक्षणही घेतले होते. नभोवाणी ही त्या काळी सर्वस्वी सरकारची मक्तेदारी होती. त्यामुळे मंत्रिपद त्यांचे असले, तरी व्यवहारात ते साऱ्या देशाच्या ध्वनिप्रक्षेपण व्यवसायाचे धुरीणच ठरले.

त्यांच्या कार्याची थोरवी आम्हा इंदूरकरांना विशेष जाणवावी. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य अस्तित्वात आले आणि होळकर दरबाराचा गुणीजनांना असलेला आश्रय ओसरला. ज्या नगरीत उस्ताद अमीर खाँसाहेब वाढले, तेथील कलावंतांनी आता कोणाच्या दारी जावे? संस्थाने गेल्यावर हा प्रश्न देशभर उभा होता. केसकरांनी त्याला नभोवाणीचे उत्तर दिले. जुलै १९५२ मध्ये सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्या काळात रुजला, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली आणि कलावंतांना मानाने केंद्रावर बोलावले जाऊ लागले. २२ मे १९५५ रोजी इंदूर केंद्र सुरू झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. दरबारातील मोजक्या मंडळींपुरते असलेले गाणे या केंद्राने माजघरापर्यंत आणले.

परंतु याच निष्ठेतून त्यांच्या हातून एक मोठी चूकही घडली. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यांनी या गीतांना दिलेला वेळ कमालीचा घटवला. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून ते सांगायचे नाही, असेही ठरले. तेव्हा चित्रपट निर्माते संघटितपणे पुढे सरसावले आणि त्यांनी आपली गीते वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. शासनाच्या मक्तेदारीसमोर व्यावसायिकांची संघटना उभी ठाकल्याचा नभोवाणीच्या इतिहासातील हा एक ठळक प्रसंग होय.

कलावंतांशीही खटका उडाला. ध्वनिचाचणीची कडक पद्धत लागू झाली. त्या कामात पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारखे अधिकारी पुरुष होते. तरीही नामवंतांनी पुन्हा परीक्षेस बसावे हे अनेकांना अपमानास्पद वाटले आणि काहींनी बहिष्काराचा मार्ग पत्करला. पेटीवरील बंदी ही केसकरांच्या आधीची, १९४० सालची. मात्र त्यांनीही ती उठवली नाही. नाट्यसंगीतावर पोसलेल्या मराठी मनाला ते किती रुचले असेल, हे आम्ही वाचकांस वेगळे सांगावयास नको.

मंत्री, निर्माते आणि कलावंत, प्रत्येकाला आपली बाजू मांडण्याचे साधन होते. श्रोत्यांची मात्र कोणतीच संघटना नव्हती. त्यांनी निवेदने दिली नाहीत, मोर्चे काढले नाहीत. संचाची कळ तेवढी फिरवली. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजाने बुधवारची संध्याकाळ काबीज केली. सरकारला हा कौल मानावाच लागला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते पुन्हा आपल्याच नभोवाणीवर मानाने परतली. १९६२ च्या निवडणुकीत केसकरांचा पराभव झाला आणि ते पर्व संपले.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आमच्या शहरातच आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. त्या खटल्यातील प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हेही मराठीच. पुढे ऑक्टोबर २००१ मध्ये रेडिओ मिर्चीने आपले पहिले केंद्र इंदुरात उघडले. मक्तेदारी संपली तसे खाजगी केंद्रांना संघटनेचे महत्त्व कळू लागले. दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे परवाना शुल्क त्यांना पेलवेना. अखेर २००५ च्या धोरणाने त्याऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा ठरवला. या व्यावसायिकांची ‘असोसिएशन ऑफ रेडिओ ऑपरेटर्स फॉर इंडिया’ ही संस्था सरकारशी त्यांच्या वतीने बोलते. गाण्यांच्या मानधनाचा जुना तंटाही नव्या रूपात आला आणि २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने तो दर निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवून दिला.

अशा संस्थेचे नेतृत्व म्हणजे केवळ शुल्क आणि दर यांची घासाघीस नव्हे. केसकरांपाशी विद्वत्ता होती, सचोटी होती, अधिकारही होता. बैठकीत नसलेल्या श्रोत्याचे मन ओळखण्यात मात्र ते कमी पडले. उलट, निव्वळ श्रोत्यांच्या मागे धावणाऱ्या आजच्या केंद्रांवर रागदारीला जागा उरलेली नाही, हेही तितकेच खरे. केसकरांचा आग्रह आणि श्रोत्यांचा कौल या दोहोंचा मेळ घालणारा धुरीण नभोवाणीला लाभावा, अशी अपेक्षा मालवा हाउस आणि सिलोन एकाच संचावर ऐकलेल्या आमच्या पिढीने बाळगली, तर ती वावगी ठरू नये.