अणे, माधव श्रीहरी
(२९ ऑगस्ट १८८० – २६ जानेवारी १९६८). ‘लोकनायक बापूजी’ म्हणून ओळखले जाणारे वऱ्हाडातील राजकीय नेते व संस्कृत पंडित. वणी (जि. यवतमाळ) येथे जन्मलेले अणे यवतमाळात वकिली करीत असतानाच टिळकांचे निष्ठावंत अनुयायी बनले आणि १९३० मध्ये पुसद येथे त्यांनी जंगल सत्याग्रहाचे, म्हणजे राखीव जंगलातील गवत विनापरवाना कापून वनकायदा मोडण्याच्या चळवळीचे, नेतृत्व केले; समुद्रापासून दूरच्या या प्रदेशाला मिठाच्या सत्याग्रहापेक्षा तोच मार्ग साजेसा होता. १९४१ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व पत्करले, हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणावा लागेल. तथापि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी त्याचा राजीनामा दिला. पुढे ते बिहारचे राज्यपाल (१९४८–५२) झाले. त्यांच्या ‘तिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत टिळकचरित्रास १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला.