विवृत्त (लंबवर्तुळ)

विवृत्त : दोन स्थिर बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कायम राहील अशा रीतीने प्रतलात फिरणाऱ्या बिंदूचा मार्ग. रूढ नाव लंबवर्तुळ. स्थिर बिंदूंना नाभी म्हणतात. कागदावर दोन टाचण्या टोचून, त्यांना सैल दोऱ्याची टोके बांधून, पेन्सिलीने दोरा ताणून धरत फिरवल्यास विवृत्त उमटते.

भूमिती : लंबवृत्तीय शंकू तिरप्या प्रतलाने आरपार कापला असता मिळणारा छेद विवृत्त असतो, म्हणून अन्वस्त व अपास्त यांच्याबरोबर त्याची गणना शंकुच्छेदांत होते. ग्रीक गणिती अपोलोनियस (इ. स. पू. तिसरे-दुसरे शतक) यांनी या वक्रांचा सविस्तर अभ्यास केला. केंद्रापासून नाभीचे अंतर आणि अर्ध-बृहदक्ष यांच्या गुणोत्तरास विमध्यता म्हणतात. ती शून्य असल्यास वर्तुळ मिळते. १ च्या जवळ जावी तसे विवृत्त चिंचोळे होते. अर्ध-अक्ष अ व ब असल्यास क्षेत्रफळ पाय × अ × ब इतके सोपे येते. परिमितीसाठी मात्र असे सोपे अचूक सूत्र नाही. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१४ मध्ये तिच्यासाठी अतिशय काटेकोर आसन्न सूत्रे दिली. एका नाभीतून निघालेला किरण विवृत्तावरून परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीतून जातो. मूत्रखडे शरीराबाहेरून आघात-तरंगांनी फोडण्याच्या उपकरणांत या गुणधर्माचा उपयोग होतो.

यामिकी : भिंतीला टेकवलेली शिडी घसरू लागली, की मध्यबिंदू व टोके सोडून तिच्यावरील प्रत्येक बिंदू विवृत्ताचा चाप रेखतो. बल अंतराच्या सम प्रमाणात असून एका बिंदूकडे ओढत असेल, तर पदार्थ सामान्यतः विवृत्तात फिरतो आणि तो बिंदू विवृत्ताचे केंद्र असतो. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने तेथे आकर्षण करणारी वस्तू नाभीपाशी असते. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये याची गणिती उपपत्ती मांडली.

ग्रहकक्षा : टायको ब्राए यांनी घेतलेले मंगळाचे वेध आणि वर्तुळाकार कक्षा धरून केलेले गणित यांत योहानेस केप्लर यांना ८ कलांचा फरक आढळला. तो दुर्लक्षित न करता त्यांनी वर्तुळच सोडले आणि १६०९ मध्ये विवृत्ताकार कक्षेचा नियम प्रसिद्ध केला. निव्वळ भूमितीच्या ओढीने अभ्यासलेला वक्र सुमारे अठराशे वर्षांनी ग्रहांचा मार्ग ठरला. केप्लर यांच्या दुसऱ्या नियमानुसार सूर्य व ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमते; म्हणून ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने जातो.

कक्षेची विमध्यता शुक्राची सुमारे ०.००७, पृथ्वीची ०.०१७, मंगळाची ०.०९३, बुधाची ०.२०६ आणि हॅली धूमकेतूची ०.९६७ आहे. ‘मंगळयान’ २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती ज्या कक्षेत स्थिरावले, तीही लांबट होती : मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे ४२२ किमी. ते ७७,००० किमी.

पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किमी., तर जुलैच्या आरंभी १५.२१ कोटी किमी. अंतरावर असते. म्हणजे उत्तर गोलार्धातील हिवाळ्यात ती सूर्याला अधिक जवळ असते. ऋतू अंतरामुळे नव्हे, तर पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे होतात. तिच्या कक्षेचा लघुअक्ष बृहदक्षापेक्षा केवळ सुमारे ०.०१४ टक्क्याने लहान आहे. त्यामुळे ही कक्षा ठळकपणे लांबट दाखवणाऱ्या आकृत्या प्रमाणबद्ध समजू नयेत.